प्रत्येकासाठी एक, की सगळ्यांसाठी एकच?

प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सीला रिअल अ‍ॅनालिसिस सुरू झालंय. '∀क्ष ∃य' (प्रत्येक क्ष साठी कुठला तरी य आहे) आणि '∃य ∀क्ष' (असा एक य आहे, जो प्रत्येक क्ष साठी चालतो) यांत फरक आहे हे वर्गात सांगितलं, पाठही झालं. पण सिद्धता लिहिताना नेमकं कुठे चुकतं ते कळत नाही. 'क्ष² हे फलन प्रत्येक बिंदूपाशी संतत आहे', म्हणजे कुठेही तुटत नाही, हे दाखवताना 'डेल्टा = एप्सिलॉन / |क्ष + ब| घेऊ' असं लिहिलं, शेवटची असमानताही जुळली, तरी गुण कापले. का? आणि क्वांटिफायरचा, म्हणजे ∀ व ∃ या चिन्हांचा, क्रम बदलला तरी चालतं, असं कधीच नसतं का?

गुण कापले ते योग्यच झालं. बीजगणितात चूक नाही. चूक आहे ती डेल्टा कुठल्या वेळी निवडला यात, आणि क्वांटिफायरच्या क्रमाचा सगळा मामला याच एका गोष्टीवर उभा आहे. तिकडे येतोच, पण आधी दोन साधी वाक्यं बघा.

परीक्षेनंतर शिक्षक म्हणाले, 'प्रत्येक प्रश्न कुणी ना कुणी सोडवलाय.' किंवा म्हणाले, 'कुणीतरी एकाने प्रत्येक प्रश्न सोडवलाय.' कागदावर एक तक्ता करा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक आडवी ओळ, प्रत्येक प्रश्नाला एक उभा स्तंभ, आणि ज्याने जो प्रश्न सोडवला त्या घरात टिक. पहिल्या वाक्याचा अर्थ: एकही स्तंभ रिकामा नाही. दुसऱ्याचा अर्थ: एक तरी ओळ सगळी भरलेली आहे. आता तीन विद्यार्थी आणि तीन प्रश्न घ्या. पहिल्याने फक्त पहिला प्रश्न सोडवला, दुसऱ्याने फक्त दुसरा, तिसऱ्याने फक्त तिसरा. टिका कर्णावर येतात. कुठलाच स्तंभ रिकामा नाही, पण एकही ओळ भरलेली नाही. पहिलं वाक्य खरं, दुसरं खोटं. उलट, एखादी ओळ पूर्ण भरली असेल तर प्रत्येक स्तंभात निदान तिची टिक असणारच. म्हणून ∃∀ वरून ∀∃ नेहमी मिळतं. ∀∃ वरून ∃∀ आपोआप मिळत नाही.

हा तक्ता अनंत ओळींचा आणि अनंत स्तंभांचा आहे अशी कल्पना करा, म्हणजे गणितातली वाक्यंही त्याच नजरेने वाचता येतात. पूर्णांकांसाठी '∀क्ष ∃य (य > क्ष)' खरं आहे: कुठलीही संख्या सांगा, तिच्यापेक्षा मोठी संख्या मी सांगतो. '∃य ∀क्ष (य > क्ष)' म्हणजे सगळ्यांपेक्षा मोठी अशी एकच संख्या; ती असती तर स्वतःपेक्षाही मोठी ठरली असती. पहिल्या वाक्यात मी 'य = क्ष + १' असं उत्तर देतो. त्या उत्तरात क्ष आहे, आणि असायला काही हरकत नाही, कारण माझी पाळी येईपर्यंत क्ष ठरलेला असतो. दुसऱ्या वाक्यात मला आधी बोलायचंय. क्ष अजून कुणी सांगितलेलाच नाही, मग उत्तरात तो येणार कुठून?

कुठल्याही लांबलचक विधानात मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारायला लावतो: या ∃ च्या डावीकडे कोणकोणते ∀ उभे आहेत? ∃ ने निवडलेली वस्तू तेवढ्यांवर अवलंबून असू शकते, उजवीकडच्यांवर नाही. '∀क्ष ∃य ∀झ ∃व' अशी माळ असेल तर य ठरवताना फक्त क्ष माहीत असतो, व ठरवताना क्ष आणि झ दोन्ही माहीत असतात. दुसऱ्या शब्दांत, य हे क्ष चं फलन आहे आणि व हे क्ष व झ यांचं. तर्कशास्त्रात याच फलनांना नॉर्वेच्या थोराल्फ स्कोलेम यांचं नाव आहे. ∀ प्रतिस्पर्ध्याचा आणि ∃ आपला, असा डाव मांडून वाचलं तरी हेच निघतं. उशिरा खेळणाऱ्याला आधीच्या चाली दिसतात, म्हणून ∃ जितका उजवीकडे तितकं आपलं काम सोपं, आणि विधान तितकं दुबळं.

आता तुमची सिद्धता. ब या बिंदूपाशी सांतत्याची व्याख्या पूर्ण लिहू:

∀ब ∀एप्सिलॉन > ० ∃डेल्टा > ० ∀क्ष : |क्ष − ब| < डेल्टा असेल तर |क्ष² − ब²| < एप्सिलॉन.

डेल्टाच्या डावीकडे कोण आहे? ब आणि एप्सिलॉन. उजवीकडे? क्ष. तुम्ही डेल्टा = एप्सिलॉन / |क्ष + ब| घेतलात, म्हणजे जो क्ष अजून आलाच नाही त्याला विचारून डेल्टा ठरवलात. '|क्ष² − ब²| = |क्ष − ब| · |क्ष + ब|, म्हणून डेल्टा ने गुणलं की एप्सिलॉन' हा हिशोब दिसायला नीटनेटका आहे, पण त्यातून सिद्ध होतं ते '∀ब ∀एप्सिलॉन ∀क्ष ∃डेल्टा ...'. आणि ते विधान पोकळ आहे, कुठल्याही फलनाला लागू पडतं. क्ष आणि ब वेगळे असतील तर डेल्टा त्यांच्यातल्या अंतराहून लहान घ्या, म्हणजे 'असेल तर' ही अटच पुरी होत नाही; क्ष = ब असेल तर फरक शून्य. तुटक, उड्या मारणारं फलनसुद्धा या कसोटीला उतरतं. ज्या 'व्याख्ये'त सगळेच बसतात तिने कशाचीच व्याख्या होत नाही. तपासणाऱ्याने गुण कापले ते यासाठी.

दुरुस्ती लहानशीच आहे. |क्ष + ब| हा अडचणीचा भाग क्ष शिवाय आवरायचा. आधीच ठरवा की डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही. मग क्ष हा ब पासून १ पेक्षा कमी अंतरावर राहतो, |क्ष| < |ब| + १, आणि |क्ष + ब| < २|ब| + १. आता डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन / (२|ब| + १) यांतली लहान असेल ती संख्या. या सूत्रात ब आहे, एप्सिलॉन आहे, क्ष नाही. अ‍ॅनालिसिसच्या पुस्तकांत 'डेल्टा = लघुतम (१, ...)' ही जी विचित्र वाटणारी निवड जागोजागी दिसते, ती बहुतेक वेळा याचसाठी असते: पुढे येणाऱ्या अक्षराला सूत्रातून बाहेर ठेवणं. पुस्तकं हे सांगत नाहीत. सांगायला हवं.

सूत्रात ब मात्र राहिला, आणि इथून पुढची पायरी सुरू होते. ∀ब उचलून डेल्टाच्या उजवीकडे नेला तर 'एकसमान सांतत्या'ची व्याख्या मिळते: ∀एप्सिलॉन ∃डेल्टा ∀ब ∀क्ष. शब्द तेच, चिन्हं तीच, फक्त ∀ब ची जागा बदलली. पण आता एकच डेल्टा सगळ्या बिंदूंना पुरवायचाय. क्ष² ला तो पुरत नाही. एप्सिलॉन = १ घ्या. ब धन असताना चालणारा सगळ्यात मोठा डेल्टा √(ब² + १) − ब एवढा येतो. ब = १ ला तो सुमारे ०.४१, ब = १० ला ०.०४९९, ब = १०० ला ०.००५०, ब = १००० ला ०.०००५. जसजसे उजवीकडे जाल तसतसा तो शून्याकडे घसरतो. प्रत्येक बिंदूला डेल्टा आहे, पण सगळ्यांना मिळून एक नाही.

'नाही' हे सिद्ध करायचं तर विधानाचं नकारात्मक रूप लागतं, आणि तिथे आणखी एक गोंधळ होतो. नकार घेताना क्रमाला हात लावायचा नाही. डावीकडून उजवीकडे जात प्रत्येक ∀ चा ∃ करायचा, प्रत्येक ∃ चा ∀, आणि शेवटच्या भागाचा नकार घ्यायचा. म्हणून: ∃एप्सिलॉन ∀डेल्टा ∃ब ∃क्ष, की |क्ष − ब| < डेल्टा असूनही |क्ष² − ब²| ≥ एप्सिलॉन. आता डेल्टा प्रतिस्पर्धी सांगतोय, आणि ब व क्ष आपण त्याच्यानंतर निवडतोय, म्हणजे ते डेल्टावर अवलंबून असले तरी चालेल. ब = १/डेल्टा आणि क्ष = १/डेल्टा + डेल्टा/२ घ्या. अंतर डेल्टा/२, आणि वर्गांतला फरक १ + डेल्टा²/४, म्हणजे १ पेक्षा जास्त. काम झालं. अशी निवड मुलांना 'सुचत नाही' कारण डेल्टा वापरायची परवानगी आहे हेच त्यांच्या लक्षात आलेलं नसतं.

क्रम हलवला की काय काय होऊ शकतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे क्रमिकेची सीमा. अ(१), अ(२), अ(३)... ही क्रमिका ल कडे जाते याचा अर्थ:

∀एप्सिलॉन ∃म ∀न > म : |अ(न) − ल| < एप्सिलॉन.

इथे म ला पुढे आणून '∃म ∀एप्सिलॉन ∀न > म' केलं तर? एका ठरावीक पदानंतरचं प्रत्येक पद ल पासून प्रत्येक धन एप्सिलॉनपेक्षा जवळ, म्हणजे थेट ल इतकंच. ही अखेरीस स्थिर होणारी क्रमिका झाली; १, १/२, १/३, ... सारखी साधी क्रमिकासुद्धा यातून बाद. आता '∀एप्सिलॉन ∀म ∃न > म' करा. याचा अर्थ पदं ल च्या जवळ पुन्हा पुन्हा येत राहतात, पण तिथे टिकतीलच असं नाही: १, ०, १, ०, ... या क्रमिकेत ल = १ ला हे लागू पडतं, ल = ० लाही. आणि '∀म ∃न > म ∀एप्सिलॉन' म्हणजे ल ही किंमतच क्रमिकेत अनंत वेळा येते. चिन्हांची तीच मूठभर सामग्री, आणि चार वेगळ्या संकल्पना. वहीत चारही ओळी एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीला बसणारी व न बसणारी एकेक क्रमिका स्वतः शोधा. क्रम या विषयावर यापेक्षा चांगला गृहपाठ मला माहीत नाही.

यात तुम्हीच कच्चे आहात असं समजू नका. फ्रेंच गणिती ऑग्युस्तँ कोशी यांनी १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एक प्रमेय दिलं: संतत फलनांची अभिसारी श्रेणी (जिची अनंत पदांची बेरीज एका ठरावीक किमतीकडे जाते अशी) घेतली तर तिची बेरीजही संतत असते. १८२६ मध्ये नील्स हेन्रिक आबेल यांनी द्विपद श्रेणीवरच्या आपल्या लेखात एका तळटीपेत लिहिलं की या प्रमेयाला अपवाद आहेत, आणि श्रेणी दिली: साइन क्ष − (१/२) साइन २क्ष + (१/३) साइन ३क्ष − ... प्रत्येक पद संतत आहे. −पाय ते पाय यांच्या मधे बेरीज क्ष/२ येते. पण क्ष = पाय ला प्रत्येक पद शून्य, म्हणून बेरीज शून्य; डावीकडून पायकडे येताना मात्र ती पाय/२ कडे चाललेली असते. तिथे सरळ उडी आहे.

अडलं ते म वर. बेरीज जवळ यायला किती पदं घ्यावी लागतात, म्हणजे म केवढा, हे क्ष वर अवलंबून आहे की नाही? '∀क्ष ∀एप्सिलॉन ∃म' असेल तर प्रत्येक क्ष ला त्याचा त्याचा म मिळतो आणि सांतत्य टिकेलच असं नाही. '∀एप्सिलॉन ∃म ∀क्ष' असेल तर टिकतं. आकड्यांत बघायचं तर क्ष चा न वा घात घ्या, क्ष ० आणि १ च्या मधे. तो ०.१ पेक्षा खाली जायला क्ष = ०.९ ला २२ वा घात लागतो, क्ष = ०.९९ ला २३० वा, क्ष = ०.९९९ ला २३०२ वा. सगळ्या क्ष ना पुरेल असा म नाहीच. या दोन क्रमांना आज आपण अनुक्रमे बिंदुशः अभिसरण आणि एकसमान अभिसरण म्हणतो. हा फरक १८४७ च्या सुमारास जॉर्ज स्टोक्स आणि फिलिप झायडेल यांनी वेगवेगळा शोधला, कोशी यांनी १८५३ मध्ये आपलं प्रमेय पुन्हा हाती घेतलं, आणि जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांतून तो रुळला. कोशी यांच्या मनात मुळात नेमकं काय होतं, ते खरंच चुकले की त्यांचं 'अभिसारी' आपल्यापेक्षा वेगळं होतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं मत असं की ते शब्दांत लिहीत होते, आणि 'प्रत्येक क्ष साठी' हे शब्द वाक्यात कुठेही बसतात. चिन्हांना जागा घ्यावीच लागते. पण ती चिन्हं तेव्हा नव्हतीच. एकात एक अडकलेले क्वांटिफायर नीट हाताळणारी लेखनपद्धती गॉटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये मांडली. ∃ हे चिन्ह पेआनो यांचं, १८९७ चं, आणि ∀ तर गेंट्झेन यांनी १९३५ मध्ये आणलं.

म्हणून एक व्यवहारी सल्ला: 'प्रत्येक क्ष साठी' हे वाक्याच्या शेवटी लिहायची सवय सोडा. इंग्रजी पुस्तकं हे सर्रास करतात, फळ्यावर आम्ही शिक्षकही करतो: 'असा म अस्तित्वात आहे की अमुक तमुक, प्रत्येक क्ष साठी'. हा शेवटचा क्ष म च्या आधी धरायचा की नंतर? वाचणाऱ्याने अंदाज बांधायचा. प्रमेय सोडवायला घेण्याआधी सगळे क्वांटिफायर डावीकडे ओढून एका ओळीत लिहा. मग सिद्धतेची वाक्यं त्याच क्रमाने येऊ द्या: ∀ दिसला की 'समजा ... दिलेला आहे', ∃ दिसला की 'आता ... निवडू'. 'निवडू'च्या ओळीत असं एखादं अक्षर आलं की ज्याचं 'समजा' अजून झालेलं नाही, तर तिथेच थांबा. तुमची चूक या एका नियमाने पकडली गेली असती. संगणकावर सिद्धता तपासणाऱ्या प्रणाल्याही हेच करतात: अजून न आलेलं अक्षर वापरलं की त्या तिथल्या तिथे अडवतात.

राहिला दुसरा प्रश्न, क्रम बदललेला कधी चालतो. शेजारचे दोन ∀ किंवा शेजारचे दोन ∃ खुशाल अदलाबदल करा. ('एकमेव अस्तित्वात आहे' या ∃! ला मात्र ही सूट नाही. दोन ओळी आणि तीन स्तंभांचा तक्ता घ्या. वरच्या ओळीत पहिल्या स्तंभात टिक, खालच्या ओळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभात. नेमकी एक टिक असलेली ओळ एकच आहे, पण नेमकी एक टिक असलेले स्तंभ तीन.)

∀∃ चं ∃∀ करायचं तर काहीतरी जादा हाती असावं लागतं. नेहमी उपयोगी पडणाऱ्या गोष्टी दोन, आणि त्या जोडीनेच कामाला येतात. पहिली: प्रतिस्पर्ध्याकडे पर्याय सान्त, म्हणजे मोजकेच असणं. दुसरी: एक डेल्टा चालला की त्याहून लहान प्रत्येक डेल्टाही चालणं. दोन्ही असतील तर प्रत्येक पर्यायाला त्याचा डेल्टा द्या आणि त्यांतला सगळ्यात लहान उचला. तो सगळ्यांना पुरतो. नुसतं सान्त असून भागत नाही, वरचा तीन बाय तीनचा तक्ता सान्तच होता. पण दोन विद्यार्थ्यांमधला 'लहान' निवडून कुणी जास्त प्रश्न सोडवत नाही. आणि पर्याय अनंत असले तर १, १/२, १/३, ... अशा धन संख्यांत सगळ्यात लहान कुणीच नसतो, त्यामुळे उचलायला काही उरत नाही.

बंद आणि सीमित अंतरालावर (दोन्ही टोकं धरून ० ते १० अशा पट्ट्यावर) ही सान्तता मागच्या दाराने मिळते. १८७२ मध्ये एडुआर्ड हाइने यांनी प्रसिद्ध केलेलं प्रमेय हेच सांगतं: अशा अंतरालावर संतत असलेलं प्रत्येक फलन एकसमान संततही असतं. प्रत्येक बिंदूभोवती त्याच्या डेल्टाच्या निम्म्या त्रिज्येचा तुकडा घ्या. तुकडे अनंत आहेत, पण अंतराल बंद आणि सीमित असल्याने त्यांतले मोजकेच तुकडे अख्खं अंतराल झाकायला पुरतात. मग त्या मोजक्या त्रिज्यांतली सगळ्यात लहान घेतली की एकच डेल्टा हाती येतो. (निम्मी त्रिज्या कशाला, हे सिद्धता स्वतः लिहिताना कळेल, एप्सिलॉनचेही दोन भाग करावे लागतात.) तुमच्या क्ष² लाच ० ते १० एवढ्यात कोंडा. तिथे |क्ष + ब| कधीच २० च्या वर जात नाही, म्हणून एप्सिलॉन = १ ला डेल्टा = १/२० सगळ्या बिंदूंना चालतो, आणि एकूणच डेल्टा = एप्सिलॉन/२०. या सूत्रात ब सुद्धा नाही, त्यामुळे ∀ब डेल्टाच्या कुठल्याही बाजूला ठेवला तरी सिद्धता तीच राहते.